कुलपाआडचा मध्यस्थ

ब्राउझरच्या पत्तापट्टीत दिसणारे छोटे कुलूप ‘हे संकेतस्थळ विश्वासार्ह आहे’ असे सांगते, हा समज इतका घट्ट बसला होता की गूगलने सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमच्या ११७व्या आवृत्तीतून ते चिन्हच काढून टाकले आणि त्याच्या जागी सेटिंगचे साधे चिन्ह बसवले. कुलपाचा खरा अर्थ पुष्कळच मर्यादित होता. वापरकर्त्याचे यंत्र आणि पलीकडचा सर्व्हर यांच्यातला मजकूर कूटबद्ध आहे, म्हणजे वाटेत कोणाच्या हाती लागला तरी त्याचा अर्थ लागू नये अशा रूपात बदललेला आहे, आणि पलीकडच्या सर्व्हरने आपल्या नावाचे प्रमाणपत्र दाखवले आहे, एवढेच ते सांगत होते. ते प्रमाणपत्र खऱ्या मालकाच्याच हाती आहे की दुसऱ्या कोणी ते मिळवले आहे, या प्रश्नाचे उत्तर कुलपात कधीच नव्हते. आणि कूटबद्ध संवाद मध्येच उघडून वाचण्याची, तांत्रिक भाषेत ‘इंटरसेप्शन’ची, गेल्या पंधरा वर्षांत गाजलेली बहुतेक प्रकरणे याच फटीतून घडलेली आहेत.

वेबवरचा कूटबद्ध संवाद टीएलएस या नियमावलीनुसार चालतो. संकेतस्थळ उघडताना अगदी सुरुवातीला ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात जी देवघेव होते तिला हँडशेक म्हणतात. तीत ब्राउझर आपल्याला कूटलेखनाच्या कोणकोणत्या पद्धती येतात हे कळवतो, सर्व्हर त्यांतली एक निवडतो आणि आपले प्रमाणपत्र पुढे करतो. त्या प्रमाणपत्रात संकेतस्थळाचे नाव, त्याची सार्वजनिक किल्ली, मुदत आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची डिजिटल स्वाक्षरी असते. सार्वजनिक किल्लीच्या जोडीची खासगी किल्ली मात्र सर्व्हरने स्वतःजवळ गुप्त ठेवायची असते आणि ती आपल्याकडे आहे हे हँडशेकमध्येच सिद्ध करायचे असते. स्वाक्षरी करणाऱ्या या प्रमाणन संस्थांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा याची यादी ब्राउझरमध्ये किंवा विंडोज, अँड्रॉइड यांसारख्या कार्यप्रणालीत आधीच भरलेली असते, आणि त्या यादीतील नोंदींना मूळ प्रमाणपत्रे अथवा रूट सर्टिफिकेट म्हणतात. अशी शंभराहून अधिक मूळ प्रमाणपत्रे एका यादीत असतात, आणि या रचनेतली मेख अशी की त्यांपैकी कोणतीही संस्था जगातल्या कोणत्याही संकेतस्थळाच्या नावाने प्रमाणपत्र देऊ शकते. त्यामुळे संपूर्ण व्यवस्थेची मजबुती सर्वांत चोख संस्थेवर नव्हे, तर सर्वांत ढिसाळ संस्थेवर अवलंबून राहते.

संवाद मध्येच उघडू पाहणाऱ्या मध्यस्थाचे काम यानंतर सोपे होते. तो वापरकर्त्याला आपणच बँक किंवा मेलसेवा असल्याचे दाखवून एक कूटबद्ध जोडणी करतो आणि खऱ्या सर्व्हरकडे वापरकर्त्याच्या वतीने दुसरी. दोन्ही जोडण्यांवर कूटलेखन शाबूत असते, फक्त मधल्या टप्प्यावर सारा मजकूर उघडा पडतो. हे साधण्यासाठी त्याच्यापुढे मुख्यतः दोन वाटा असतात. एक, एखाद्या मान्यताप्राप्त प्रमाणन संस्थेकडून चोरीने, दबावाने किंवा तिच्या गलथानपणामुळे दुसऱ्याच्या नावाचे प्रमाणपत्र मिळवणे. दुसरी, वापरकर्त्याच्या यंत्रातील विश्वासयादीतच आपले मूळ प्रमाणपत्र घुसवणे. दोन्ही बाबतींत ब्राउझरला दिसणारे प्रमाणपत्र नियमात बसणारे असते, त्यामुळे एकाच जोडणीच्या आतून, केवळ तिच्याकडे पाहून, मध्यस्थ ओळखता येत नाही. तो ओळखणारे प्रत्येक सॉफ्टवेअर कोणत्या ना कोणत्या तुलनेवर उभे आहे. ही तुलना आधीच ठाऊक असलेल्या माहितीशी, दुसऱ्या ठिकाणाहून दिसणाऱ्या दृश्याशी, सार्वजनिक नोंदीशी किंवा ब्राउझरच्या नेहमीच्या वागण्याशी केलेली असते, आणि त्या त्या साधनाला काय सापडते व काय निसटते हे तुलना कशाशी आहे यावरच ठरते.

आधी ठाऊक असलेल्या माहितीशी तुलना करण्याचे बळ २०११ साली इराणमध्ये दिसले. नेदरलँड्समधील बेव्हरवाइक येथील डिजिनोटार या प्रमाणन संस्थेच्या यंत्रणेत त्या उन्हाळ्यात घुसखोरी झाली आणि १० जुलै रोजी गूगलच्या सर्व उपसंकेतस्थळांना लागू पडेल असे एक बनावट प्रमाणपत्र तिच्या स्वाक्षरीने तयार झाले. घुसखोरी झाल्याचे कंपनीला त्याच महिन्यात कळले होते, तरी तिने त्याची वाच्यता केली नाही. ऑगस्टच्या अखेरीस इराणमधील एका वापरकर्त्याला जीमेल उघडताना क्रोमने धोक्याची सूचना दाखवली, त्याने तिच्याबद्दल जाहीरपणे विचारले आणि प्रकरण फुटले. इतर ब्राउझरांना जे प्रमाणपत्र निर्दोष वाटले ते क्रोमने अडवले याचे कारण असे की, गूगलने आपल्या संकेतस्थळांसाठी कोणत्या किल्ल्या चालतील याची यादी काही महिने आधीच क्रोममध्ये पक्की करून ठेवली होती. या पद्धतीला ‘पिनिंग’ म्हणतात. डिजिनोटारची स्वाक्षरी खरी होती, पण ती त्या यादीत नव्हती.

डच सरकारने नेमलेल्या फॉक्स-आयटी या सुरक्षा कंपनीच्या तपासातून पुढे आलेले तपशील तंत्रज्ञानापेक्षा कारभाराविषयी अधिक सांगतात. प्रमाणपत्रे देणारे सगळे सर्व्हर एकाच विंडोज डोमेनमध्ये होते आणि एकच वापरकर्तानाव व पासवर्ड हाती आला की ते सारे खुले होत. तो पासवर्डही फारसा कठीण नव्हता, तपासलेल्या सर्व्हरांवर अँटिव्हायरस नव्हते आणि बाहेरच्या वेबसर्व्हरांवरील सॉफ्टवेअर जुनाट होते. बनावट प्रमाणपत्रांची संख्या ५३१ भरली. फटका किती जणांना बसला हे मात्र एका आडवाटेने कळले. एखादे प्रमाणपत्र रद्द तर झालेले नाही ना, हे पाहण्यासाठी ब्राउझर ते देणाऱ्या संस्थेच्या सर्व्हरला विचारणा करत असत. गूगलच्या त्या बनावट प्रमाणपत्राबद्दल डिजिनोटारकडे आलेल्या विचारणांच्या नोंदी तपासल्यावर ऑगस्ट महिन्यात सुमारे ३ लाख वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून त्या आल्याचे आणि त्यांतले ९९ टक्क्यांहून अधिक पत्ते इराणमधले असल्याचे आढळले. डच सरकारच्या स्वतःच्या अनेक सेवा याच कंपनीच्या प्रमाणपत्रांवर चालत असल्याने ३ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतर गृहमंत्र्यांना पत्रकार परिषद घेऊन कंपनीवरचा विश्वास काढून घेत असल्याचे सांगावे लागले, आणि त्याच महिन्यात कंपनीचे दिवाळे निघाले.

पिनिंग परिणामकारक ठरले, परंतु ते एका ब्राउझरपुरते आणि मोजक्या बड्या संकेतस्थळांपुरते होते. हीच सोय प्रत्येक संकेतस्थळाला स्वतःहून वापरता यावी म्हणून २०१५ मध्ये एक मानक निघाले, पण किल्ली हरवली किंवा चुकीची पिन जाहीर झाली तर संकेतस्थळ स्वतःच्याच वाचकांना महिनोन्‌महिने बंद होई. अखेर २०१९ मध्ये क्रोमने या मानकाचा पाठिंबा काढून घेतला. जे साधन चालवणाऱ्याच्या एका चुकीने त्याचाच गळा आवळते ते सामान्य संकेतस्थळांच्या हाती देण्यात अर्थ नव्हता, हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल.

दुसऱ्या ठिकाणाहून पाहण्याची कल्पना याआधीची. पिट्सबर्गमधील कार्नेगी मेलन विद्यापीठातील डॅन वेंडलँड, डेव्हिड अँडरसन आणि एड्रियन पेरिग यांनी २००८ मध्ये ‘पर्स्पेक्टिव्ह्ज’ नावाची प्रणाली मांडली. इंटरनेटच्या निरनिराळ्या भागांत ठेवलेले साक्षीदार सर्व्हर ठरावीक काळाने संकेतस्थळांची प्रमाणपत्रे पाहून त्यांची नोंद ठेवत, आणि फायरफॉक्सला जोडलेले एक छोटे सॉफ्टवेअर आपल्याला दिसलेले प्रमाणपत्र या साक्षीदारांच्या नोंदींशी ताडून पाहत असे. मध्यस्थ वापरकर्त्याच्या जवळ, म्हणजे त्याच्या वायफायवर किंवा त्याच्या देशातील इंटरनेट कंपनीत बसलेला असेल, तर त्याचे खोटे प्रमाणपत्र तेवढ्याच भागात दिसते आणि बाकीच्या जगाला खरे दिसत राहते. ही विसंगती पुरेशी बोलकी असते. मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०११ मध्ये याच विचारावर ‘कन्व्हर्जन्स’ हे सॉफ्टवेअर काढले, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांच्या ‘क्रॉसबेअर’ने तर विसंगती आढळताच वाटेतील टप्पे मोजून मध्यस्थ साधारण कोठे असावा याचाही अंदाज घेण्याचा प्रयत्न केला.

ही साधने मागे पडली त्याला कारणे होती. मोठी संकेतस्थळे जगभर शेकडो सर्व्हरांवरून चालतात आणि एकाच वेळी अनेक प्रमाणपत्रे वापरतात, त्यामुळे मुंबईत एक आणि फ्रँकफर्टमध्ये दुसरे दिसणे ही रोजची, निरुपद्रवी गोष्ट झाली, आणि दर दोन-चार दिवसांनी खोटी हाकाटी करणारे सॉफ्टवेअर वापरकर्ता लवकरच बंद करून टाकतो. शिवाय कोण कोणते संकेतस्थळ उघडतो हे साक्षीदारांना कळत असे, ते वेगळेच. मूळ मर्यादा मात्र याहून खोल होती, आणि ती एका अलीकडच्या प्रकरणात उघडी पडली.

जॅबर डॉट आरयू ही रशियातील जुनी संदेशसेवा असून तिचे सर्व्हर जर्मनीत, दोन होस्टिंग कंपन्यांकडे होते. १६ ऑक्टोबर २०२३ रोजी या सेवेशी जोडणी करताना प्रमाणपत्राची मुदत संपल्याची सूचना येऊ लागली. सेवा चालवणाऱ्यांनी सर्व्हर तपासला तेव्हा त्यावर मुदत संपलेले एकही प्रमाणपत्र नव्हते. म्हणजे वापरकर्त्यांना जे दिसत होते ते त्या सर्व्हरने पाठवलेलेच नव्हते. मग दोन्ही टोकांना येणारी-जाणारी पाकिटे नोंदवून शेजारी ठेवली असता वापरकर्त्याने पाठवलेला हँडशेकचा पहिला संदेश आणि सर्व्हरपर्यंत पोहोचलेला संदेश निराळे असल्याचे दिसले. सर्व्हरच्या जुन्या नोंदी उलगडताना १८ जुलै रोजी नेटवर्कची जोडणी १९ सेकंद तुटून पुन्हा लागल्याचेही आढळले. आणि सार्वजनिक नोंदवहीत शोधल्यावर एप्रिल २०२३ पासून लेट्स एन्क्रिप्ट या विनामूल्य प्रमाणन संस्थेकडून या सेवेच्या नावाने घेतलेली, सेवाचालकांना ठाऊक नसलेली प्रमाणपत्रे तेथे शांतपणे पडलेली होती. हा कायदेशीर पाळतीचा प्रकार असावा असा तपास करणाऱ्यांचा तर्क होता. तो तर्कच राहिला आहे.

या प्रकरणात मध्यस्थ वापरकर्त्याजवळ नव्हे, तर सर्व्हरच्या दाराशी बसलेला होता. साऱ्या जगाची वाहतूक त्याच्यावरूनच जात असल्याने साक्षीदार सर्व्हर कोठेही ठेवले असते तरी सर्वांना तेच खोटे प्रमाणपत्र दिसले असते, आणि सर्वांची साक्ष जुळली असती. लेट्स एन्क्रिप्ट प्रमाणपत्र देण्यापूर्वी २०२० पासून अनेक ठिकाणांहून खातरजमा करते, पण त्या खातरजमेचेही प्रश्न याच मध्यस्थाच्या हातून गेले असणार. महिनोन्‌महिने टिकलेला हा बनाव कोणत्याही हुशार सॉफ्टवेअरने पकडला नाही. मध्यस्थच आपल्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण करायला विसरला.

जॅबर डॉट आरयूच्या चालकांना जी नोंदवही नंतर उपयोगी पडली तिला ‘सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी’ म्हणतात, आणि इंटरसेप्शन शोधण्याच्या साधनांत आज सर्वांत मोठा वाटा तिचा आहे. डिजिनोटार प्रकरणानंतर गूगलमधील बेन लॉरी, ॲडम लँगली आणि एमिलिया कॅस्पर यांनी ती आखली आणि जून २०१३ मध्ये तिचा मसुदा आरएफसी ६९६२ या क्रमांकाने प्रसिद्ध झाला. तिचे तत्त्व असे की, प्रत्येक प्रमाणपत्र कोणालाही वाचता येईल अशा नोंदवहीत चढले पाहिजे, आणि चढलेली नोंद नंतर कोणालाही, नोंदवही चालवणाऱ्यालाही, गुपचूप खोडता किंवा बदलता येता कामा नये. त्यासाठी राल्फ मर्कल यांच्या नावाने ओळखली जाणारी वृक्षरचना वापरतात: प्रत्येक नोंदीचा एक छोटा गणिती ठसा काढायचा, दोन-दोन ठशांचा मिळून पुढचा ठसा, असे करत शेवटी संपूर्ण वहीचा एकच ठसा उरतो, आणि लाखो नोंदींतील एका अक्षरात फेरफार झाला तरी तो शेवटचा ठसा बदलतो. नोंदवही प्रमाणपत्राला एक पावती देते. ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेल्या प्रमाणपत्रासोबत अशा पावत्या नसतील तर क्रोम ते स्वीकारत नाही, आणि ॲपलनेही त्याच वर्षी तोच मार्ग धरला.

महाराष्ट्रातील वाचकाला या व्यवस्थेचे बलस्थान आणि कच्चा दुवा हे दोन्ही फेरफार नोंदीवरून चटकन उमगतील. तलाठ्याने जमिनीच्या फेरफाराची नोंद घेतली की तिची प्रत चावडीवर लावायची असते, ती कोणीही वाचू शकतो आणि हरकत घेऊ शकतो. परंतु खातेदार मुंबईत आणि चावडी कोकणात असेल, तर उघड्यावर लावलेला कागदही न वाचलेलाच राहतो. सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी चोरी थांबवत नाही. ती चोरी उजेडात करायला लावते, आणि पाहण्याचे काम मालकावर सोडते. थॉट या सिमँटेकच्या शाखेने सप्टेंबर २०१५ मध्ये गूगलच्या नावाने परवानगीवाचून काढलेले प्रमाणपत्र गूगलने या नोंदवह्यांतूनच हेरले, कारण गूगल त्या वाचत होते. याउलट क्रोएशियातील फिना या संस्थेने क्लाउडफ्लेअरच्या १.१.१.१ या प्रसिद्ध पत्त्याच्या नावाने फेब्रुवारी २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात बारा प्रमाणपत्रे दिली, ती सगळी नोंदवहीत होती, आणि तरीही ती सप्टेंबर २०२५ पर्यंत कोणाच्या ध्यानात आली नाहीत. ती अंतर्गत चाचणीसाठी काढली होती असा संस्थेचा खुलासा होता. इंटरनेट सुरक्षेचा धंदा करणाऱ्या आणि स्वतः अशी एक नोंदवही चालवणाऱ्या कंपनीच्या नजरेतून ती निसटली, तिथे एखाद्या जिल्हा सहकारी बँकेचे किंवा विद्यापीठाचे काय होत असेल याचा अंदाज करणे अवघड नाही. आपल्या नावाने नवीन प्रमाणपत्र चढताच मेल पाठवणाऱ्या सेवा, उदाहरणार्थ सर्ट स्पॉटर, उपलब्ध आहेत आणि सीआरटी डॉट एसएच या संकेतस्थळावर तर कोणालाही कोणत्याही नावाची सारी प्रमाणपत्रे विनामूल्य पाहता येतात. उणीव आहे ती पाहणाऱ्यांची.

भारताचा या इतिहासातील अध्याय २०१४ चा आहे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली नेमलेल्या ‘कंट्रोलर ऑफ सर्टिफाइंग अथॉरिटीज’ या नियंत्रकाच्या मूळ प्रमाणपत्राखाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, प्रमाणपत्रे देत असे. २ जुलै २०१४ रोजी गूगलला आपल्या काही संकेतस्थळांच्या नावाने एनआयसीकडून अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे कळले, आणि दुसऱ्याच दिवशी नियंत्रकाने एनआयसीची संबंधित अधिकारपत्रे रद्द केली. एनआयसीची प्रमाणपत्र देण्याची प्रक्रियाच भेदली गेली होती असे नियंत्रकाने कळवले आणि गूगलची तीन व याहूची मिळून चार प्रमाणपत्रे मोजली. गूगलला मात्र त्याखेरीज आणखीही ठाऊक होती. भारतीय मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत होते, मोझिलाच्या नव्हते, म्हणून धोका प्रामुख्याने विंडोजवर होता आणि फायरफॉक्स त्यापासून दूर राहिला. त्यानंतर क्रोमने भारतीय मूळ प्रमाणपत्राची सत्ता जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन, एसी डॉट इन, रिझर्व्ह बँकेचे संकेतस्थळ अशा केवळ सात नावांपुरती मर्यादित केली. सरकारी शिक्क्याची ही कपात त्या वेळी देशात फारशी चर्चिली गेली नाही, हे आश्चर्यच.

आतापर्यंतचा सारा विचार प्रमाणन संस्थेला फसवणाऱ्या मध्यस्थाचा झाला. पण संख्येने पाहिले तर इंटरसेप्शनचा मोठा हिस्सा दुसऱ्या वाटेने, म्हणजे वापरकर्त्याच्याच यंत्रात मूळ प्रमाणपत्र बसवून होतो, आणि तेथे वर वर्णिलेली जवळजवळ सगळी साधने गप्प बसतात. मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये आयटी विभाग असे प्रमाणपत्र बसवतो, जेणेकरून कार्यालयाच्या नेटवर्कवरील सुरक्षायंत्रणेला बाहेर जाणारा मजकूर तपासता यावा. अनेक अँटिव्हायरसही वेबपानांतील घातक भाग शोधण्यासाठी हेच करतात. अशा स्थानिक प्रमाणपत्राला क्रोमची पिनिंग आणि पारदर्शकतेच्या पावतीची अट या दोन्ही लागू होत नाहीत, आणि ही चूक नसून ठरवून दिलेली सूट आहे: ज्याला यंत्राच्या विश्वासयादीत बदल करता येतो त्याला ब्राउझरच बदलून टाकता येईल, तेव्हा ब्राउझरने त्याच्याशी भांडून उपयोग नाही, असा त्यामागचा युक्तिवाद आहे. युक्तिवाद तर्काला धरून असला तरी त्याची किंमत वापरकर्त्याला कळत नाही, कारण पडद्यावर काहीच बदलत नाही.

ती किंमत २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोवोच्या ग्राहकांना कळली. सप्टेंबर २०१४ पासून कंपनीच्या काही लॅपटॉपांत सुपरफिश नावाचे जाहिराती दाखवणारे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच घालून येत होते. कूटबद्ध पानांतही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून ते आपले मूळ प्रमाणपत्र विंडोजमध्ये बसवत असे, आणि सर्व लॅपटॉपांत त्या प्रमाणपत्राची खासगी किल्ली एकच होती. सुरक्षा संशोधक रॉबर्ट ग्रॅहम यांनी ती सॉफ्टवेअरमधून बाहेर काढली, तेव्हा तिचा पासवर्ड ‘कोमोडिया’ असल्याचे निघाले; सुपरफिशने वापरलेले इंटरसेप्शन तंत्र पुरवणाऱ्या कंपनीचेच ते नाव होते. ही किल्ली हाती असलेला कोणीही आता एखाद्या कॅफेच्या वायफायवर बसून त्या लॅपटॉपधारकाला कोणत्याही बँकेचे सोंग दाखवू शकत होता. फिलिपो व्हालसोर्दा यांनी लगोलग एक चाचणीपान तयार केले. त्या पानात सुपरफिशच्या प्रमाणपत्राने सही केलेल्या सर्व्हरवरून एक तुकडा मागवला जाई. निरोगी यंत्र तो नाकारत असे, आणि तो निमूटपणे आला तर यंत्र बाधित आहे हे उघड होई. ब्राउझर ज्याबद्दल बोलत नाही ते त्याच्या वागण्यावरून काढून घेण्याची ही युक्ती साधी आणि देखणी होती.

संकेतस्थळाच्या बाजूने मध्यस्थ ओळखणे आणखी कठीण, कारण वेबपानातील प्रोग्रामला आपण कोणत्या प्रमाणपत्रातून पोहोचलो हे पाहण्याची सोय ब्राउझर देत नाही. फेसबुकच्या पानांवर केलेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी त्यासाठी फ्लॅश प्लेयरचा आधार घेतला आणि सुमारे साडेचौतीस लाख जोडण्यांपैकी ६,८४५ जोडण्यांत, म्हणजे ०.२ टक्के, परके प्रमाणपत्र पाहिले. फ्लॅश इतिहासजमा झाल्यावर दुसरी वाट निघाली, आणि ती अधिक चतुर आहे. ब्राउझर प्रत्येक पान मागताना आपले नाव आणि आवृत्ती कळवतो, मध्यस्थही ते नाव जसेच्या तसे पुढे पाठवतो. परंतु सर्व्हरशी हँडशेक मध्यस्थाचे स्वतःचे सॉफ्टवेअर करते. कूटलेखनाच्या पद्धतींची यादी, तिचा क्रम, सोबतची कलमे यांवरून प्रत्येक ब्राउझरची हँडशेकची धाटणी ठरलेली असते. नाव फायरफॉक्सचे आणि हँडशेकमध्ये फायरफॉक्सने कधीच टाकून दिलेली आरसी४ सारखी जुनाट पद्धत, असे एकत्र दिसले की मध्ये कोणीतरी आहे हे ठरले.

झकीर दुरुमेरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये या कसोटीने मोजणी केली, तेव्हा फायरफॉक्सच्या अद्ययावतीकरण सर्व्हरांकडे येणाऱ्या ४ टक्के, काही खरेदी-संकेतस्थळांच्या ६.२ टक्के आणि क्लाउडफ्लेअरकडील अमेरिकेतून येणाऱ्या १०.९ टक्के जोडण्यांत मध्यस्थ आढळला. याहून गंभीर निष्कर्ष गुणवत्तेचा होता: फायरफॉक्सच्या बाबतीत अशा ९७ टक्के जोडण्या मध्यस्थामुळे मूळच्यापेक्षा कमकुवत झाल्या होत्या, म्हणजे संरक्षणासाठी बसवलेल्या यंत्रणाच कूटलेखन पातळ करत होत्या. याच तत्त्वावरचे एमआयटीएमइंजिन हे सॉफ्टवेअर क्लाउडफ्लेअरने २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले केले. या साधनाला स्वतःची डोकेदुखी आहे, कारण ब्राउझरच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर हँडशेकच्या धाटणीच्या ठशांची यादी शिळी होते. २०२३ पासून तर क्रोम हँडशेकमधील कलमांचा क्रम मुद्दाम दर वेळी बदलतो, म्हणून क्रमावर विसंबलेले जुने ठसे निकामी झाले आणि कलमे आधी वर्णानुक्रमाने लावून मग ठसा काढण्याची पद्धत रुळली.

राज्यसंस्था स्वतःच मध्यस्थ होऊ पाहते तेव्हा ही साधने एकत्र कशी कामी येतात याचे उदाहरण कझाकस्तानचे आहे. जुलै २०१९ मध्ये तेथील नागरिकांना ‘राष्ट्रीय सुरक्षा प्रमाणपत्र’ आपापल्या यंत्रांत बसवण्यास सांगण्यात आले. मिशिगन विद्यापीठातील सेन्सर्ड प्लॅनेट या गटाने देशाबाहेरून केलेल्या चाचण्यांत गूगल, फेसबुक, ट्विटर अशा ३७ नावांची वाहतूक उघडली जात असल्याचे दिसले; ही यंत्रणा वाहतुकीची दिशा पाहत नव्हती, त्यामुळे बाहेरून आत पाठवलेल्या जोडणीत ती नावे घातली तरी तिचे खोटे प्रमाणपत्र परत येत असे. ७ ऑगस्टला प्रयोग थांबला आणि २१ ऑगस्टला गूगल, मोझिला व ॲपल यांनी ते प्रमाणपत्र, वापरकर्त्याने स्वतः बसवले असले तरीही, अमान्य ठरवले. स्थानिक प्रमाणपत्राशी भांडायचे नाही हा नियम येथे ब्राउझरांनी जाणूनबुजून मोडला.

सामान्य वापरकर्त्याला यांतले फारसे काही बसवावे लागत नाही. पत्तापट्टीच्या डावीकडील चिन्हावर क्लिक करून प्रमाणपत्र उघडले की ते कोणी दिले हे दिसते; जीमेलच्या प्रमाणपत्रावर गूगल ट्रस्ट सर्व्हिसेसऐवजी नोकरीतल्या कंपनीचे किंवा अँटिव्हायरसचे नाव असेल, तर मजकूर वाटेत उघडला जात आहे. फायरफॉक्स अशा वेळी हा प्रमाणपत्रदाता मोझिलाच्या ओळखीचा नाही असे त्याच चौकटीत नोंदवतो, आणि अँड्रॉइड फोनच्या सुरक्षा सेटिंगमधील विश्वसनीय प्रमाणपत्रांच्या यादीत ‘वापरकर्ता’ हा वेगळा रकाना असतो, जो बहुतेकांच्या फोनमध्ये रिकामा असायला हवा. मध्यस्थ स्वतः तपासणी नीट करतो की नाही हे पाहण्यासाठी बॅडएसएसएल या चाचणी-संकेतस्थळावर मुद्दाम मुदत संपलेली आणि चुकीची प्रमाणपत्रे मांडून ठेवली आहेत. ती पाने कार्यालयाच्या यंत्रावर कोणत्याही सूचनेविना उघडली, तर दोष ब्राउझरचा नसून मध्ये बसलेल्या यंत्रणेचा असतो, आणि तो आयटी विभागाच्या कानावर घालण्याजोगा आहे.

येत्या काही वर्षांत या साधनांचा तोल आणखी बदलेल. प्रमाणपत्राची कमाल मुदत २०२० पासून ३९८ दिवस होती. ब्राउझर कंपन्या आणि प्रमाणन संस्था यांच्या संयुक्त मंचाने एप्रिल २०२५ मध्ये घेतलेल्या निर्णयानुसार ती टप्प्याटप्प्याने कमी होत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येईल. कालचे प्रमाणपत्र आज बदलले म्हणून शंका घेणारी जुनी सॉफ्टवेअर त्यामुळे पुरती बाद होतील, नोंदवह्यांतील नोंदी कित्येक पटींनी वाढतील, आणि आपल्या नावाच्या नोंदींतली परकी नोंद वेगळी काढण्याचे काम प्रत्येक संकेतस्थळाच्या चालकाला यंत्रावरच सोपवावे लागेल.